पुरस्कार एकाला, शिट्ट्या दुसऱ्याला

परवा वीकेंडला सोनगीरला गेलो होतो. काकांना विचारलं, "'पाठलाग' पाहिलाय का?"

"नाही रे भो. 'मेरा साया' मात्र पाठ आहे!"

गंमत म्हणजे गोष्ट एकच. बायको गमावलेल्या वकिलासमोर कोर्टात हुबेहूब तीच उभी राहते... राजा परांजपेंनी १९६४ साली काशिनाथ घाणेकर आणि भावनाला घेऊन ती मराठीत आणली. राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. १९६६ मध्ये राज खोसलांनी ती हिंदीत, रंगीत केली. साधनाचा झुमका पडला आणि पब्लिकच्या लक्षात तोच राहिला!

माझ्या मते रहस्य कृष्णधवल सावल्यांतच जास्त मुरतं. पण पुरस्काराने सिनेमा गावोगाव पोचत नाही, गाण्याने पोचतो.

असो. काकांना फोनवर 'पाठलाग' लावून दिला. अर्ध्यात म्हणाले, "झुमका कधी येतो?"