नववा साक्षीदार

संगणक चालता चालता अकस्मात बंद पडला, की पहिली जबानी घेतली जाते ती प्रोग्राम लिहिणाऱ्याची. ज्या मेमरीच्या आश्रयाने तो प्रोग्राम चालतो तिच्यावर संशय जातो सर्वांत शेवटी, आणि तोवर त्या बिचाऱ्याच्या कित्येक रात्री निर्दोष ओळी तपासण्यात खर्ची पडलेल्या असतात. वास्तविक यंत्र आपली चूक आपण कबूल करू शकते, हे फार पूर्वीच सिद्ध झाले होते. १९४७ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग यांच्या वाट्यास रिलेचे गणकयंत्र येई ते शनिवार-रविवारी; चूक आढळताच ते यंत्र त्यांचे गणित सोडून पुढचे हाती घेई, आणि सोमवारी निराशा पदरी पडे. चूक झाली एवढे ज्याला कळते, त्याला ती कोठे झाली हे का कळू नये, या त्राग्यातून सुचलेला चूक सुधारण्याचा संकेत त्यांनी १९५० साली प्रसिद्ध केला.

पुढे मेमरी सिलिकॉनच्या चिपांत आली. १९७६ साली लॉस अलामॉस येथे आलेल्या पहिल्या क्रे-१ महासंगणकाच्या मेमरीत सहा महिन्यांत १५२ चुकांची नोंद झाली, आणि त्यानंतरच्या यंत्रांत चूक सुधारण्याची तजवीज करण्यात आली. १९७८ साली इंटेलमधील टिमोथी मे व मरे वुड्स यांनी तर गुन्हेगार चिपच्या वेष्टनातच दाखवून दिला: त्या चिनी मातीत युरेनियम-थोरियमचा लवलेश होता, त्यातून सुटलेला अल्फा कण चिपमध्ये शिरून बिटाचा विद्युत्भार पालटून टाकी, आणि चिपवर मात्र इजेची खूणही राहत नसे.

१९८१ च्या आयबीएम पीसीत आठ बिटांमागे नववा बिट साक्षीदार म्हणून बसवलेला असे. नवांतील एकांची संख्या विषम नसली, की यंत्र मेमरीची तक्रार पडद्यावर लिहून जागीच थांबे. १९९० नंतरच्या दशकात स्वस्ताईच्या चढाओढीत घरगुती संगणकांतून या साक्षीदाराला रजा मिळाली. ही काटकसर मला घातक वाटते, कारण साक्षीदार गेल्यावर चूक होतच राहिली आणि तिचा आळ तेवढा दुसऱ्यावर गेला. युनिकोडमध्ये 'क'चा क्रमांक २३२५ आणि 'ग'चा २३२७. या दोहोंत अंतर एकाच बिटाचे. तेवढा एक बिट पालटला तर 'काळ'चा 'गाळ' होतो, आणि तोही शब्द शुद्धच असल्यामुळे कोणाला शंकासुद्धा येत नाही.

कणाने केलेली चूक एकदाच होते. बिघडलेली चिप मात्र पुनःपुन्हा त्याच पत्त्यावर खोटे बोलते, म्हणून तिला पकडता येते. तरीही प्रत्येक वेळी त्या पत्त्यावर निराळाच मजकूर असल्यामुळे आज ब्राउझर पडतो, उद्या छपाई अडते, आणि दोष सॉफ्टवेअरचा भासतो. जाणता कारागीर अशा वेळी विंडोज पुन्हा टाकण्याची घाई करीत नाही. तो रात्रभर मेमटेस्ट लावतो. एक-शून्याच्या ठरावीक नक्षी लिहून परत वाचणारी ती चाचणी लाल ओळी दाखवू लागली, की रॅमची स्टिक काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलकेच घासतो, दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवतो, आणि दोष स्टिकबरोबर गेला की स्लॉटपाशीच राहिला, हे पाहण्यासाठी चाचणी पहिल्यापासून सुरू करतो.