'कॉल ऑफ' आणि जॉन्सनची डिक्शनरी

पहिल्या नोकरीत मॅनेजर म्हणाले, रिलीज 'कॉल ऑफ'. मला वाटलं 'पुट ऑफ', म्हणजे पुढे ढकललंय. रद्द झालेल्या कामात माझा अख्खा वीकेंड गेला.

दुखणं जुनंच आहे. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली लंडनला इंग्रजीचा मोठा शब्दकोश काढला. प्रस्तावनेत तो सरळ सांगतो, की परक्या माणसाला सगळ्यात जास्त छळतात ती क्रियापदामागे लागणारी ही शेपटं. 'फॉल ऑन' म्हणजे हल्ला करणं, 'ब्रेक ऑफ' म्हणजे मध्येच थांबणं. पडणं-मोडणं माहीत असून काय उपयोग? म्हणून त्याने अशा जोड्या मुद्दाम टिपल्या. राहिलेल्या जोड्या तुलनेने सहज उलगडतील, असंही वर म्हणाला. इथे साहेब जरा जास्तच आशावादी! 'पुट ऑफ'वरून 'कॉल ऑफ' कसं उलगडणार?

'फ्रेझल व्हर्ब' हे नाव रुळलं ते बरंच नंतर, लोगन पिअरसॉल स्मिथच्या १९२५ च्या पुस्तकापासून. नाव सुचवलं होतं ऑक्सफर्ड डिक्शनरीच्या हेन्री ब्रॅडलीने. म्हणजे १७० वर्षं बग माहीत, पण त्याला धड नाव नाही.

आता माझा तमिळ टीममेट मराठी शिकतोय. परवा त्याने विचारलं, "'देऊन टाकला' आणि 'देऊन बसला' यात फरक काय रे?"