'बुद्ध आणि त्यांचा धम्म' : ग्रंथ कसा लिहिला गेला



आपल्या विहारात वर्षावासात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. आषाढी पौर्णिमेला सुरू होते, आश्विन पौर्णिमेला संपते. ग्रंथ पांढऱ्या वस्त्रात असतो, त्याला फुले वाहतात, मेणबत्ती लावतात, मग वाचणारा पान उघडतो. पण हा ग्रंथ लिहायला किती वर्षे लागली, लिहिणाऱ्याच्या शरीराची त्या वेळी काय अवस्था होती, छपाईचा पैसा कसा उभा करावा लागला, असं कुणी विचारलं तर आपल्यातले पुष्कळजण गप्प बसतात. बाबासाहेबांनी लिहिला, एवढंच माहीत असतं. मी काही विद्वान नाही. पाळी सुटल्यावर वाचत आलो, त्यातलं जे पक्कं आहे ते या स्मरणिकेच्या निमित्ताने क्रमाने मांडतो.

सुरुवात १९५६ पासून करून चालत नाही. बाबासाहेब शाळेत असतानाच त्यांचा एका परीक्षेतील यशाबद्दल सत्कार झाला आणि त्या वेळी गुरुवर्य कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. ते चरित्र मराठीत होते, ही गोष्ट आपण विसरतो. घरात सुभेदार रामजीबाबा मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. बुद्ध वाचल्यावर या मुलाने वडिलांना विचारलं, की तुम्ही आम्हाला बुद्धाचं काही का वाचायला दिलं नाही? ही हकिगत बाबासाहेबांनी स्वतःच्या प्रस्तावनेत सांगितलेली आहे. त्या प्रस्तावनेचीही एक कहाणी आहे, ती पुढे येईल.

१३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा झाली. हिंदू म्हणून मरणार नाही हे ठरलं, पण कुठे जाणार ते ठरलं नव्हतं. १९३६ च्या मे महिन्यात मुंबईच्या परिषदेत 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण झालं, आणि त्याचा शेवट बुद्धाच्या अखेरच्या उपदेशाने केला. १९४८ साली त्यांनी प्रा. लक्ष्मी नरसू यांचा बुद्धधम्मावरील इंग्रजी ग्रंथ पुन्हा छापून आणला व त्याला प्रस्तावना लिहिली. म्हणजे मन तिकडे वळलेलं होतं. तरीही येवल्यापासून नागपूरपर्यंत एकवीस वर्षे गेली. एवढी वर्षे का लागली, असं आजही लोक विचारतात. कुणी राजकारण सांगतं, कुणी घटनेचं काम सांगतं. ती कारणं आहेतच. माझ्या मते आणखी एक कारण आहे. या माणसाने जे लाखो लोकांच्या हातात द्यायचं ते आधी स्वतः तपासून घेतलं, आणि तपासण्याची त्यांची रीत म्हणजे लिहिणं.

१९५० च्या वैशाखात कलकत्त्याच्या महाबोधी मासिकात त्यांनी बुद्ध आणि त्याच्या धर्माच्या भवितव्यावर लेख लिहिला. त्यात अडचण सरळ मांडली. बौद्ध वाङ्मय अफाट आहे, सामान्य माणसाने सगळं वाचावं ही अपेक्षाच चुकीची. इतर धर्मीयांच्या हातात एकेक ग्रंथ असतो, तसा ग्रंथ बौद्धांकडे नाही, तो तयार झाला पाहिजे. हा लेख वाचून लोकांनी असा ग्रंथ तुम्हीच लिहा म्हणून आग्रह धरला आणि १९५१ साली लिखाण सुरू झालं. त्याच वर्षी सप्टेंबरात हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावरून मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढच्या वर्षी उत्तर मुंबईतून लोकसभेला पराभव. १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा पराभव. दिल्लीत २६ अलीपूर रोडच्या घरात पुस्तकांचे ढीग, आणि शरीर मधुमेहाने व संधिवातासारख्या दुखण्यांनी पोखरलेलं. पाय काम देईनात, नजर मंद होत चाललेली. अशा माणसाने हातात काय घ्यावं? बुद्ध घेतला.

या पाच वर्षांत लिखाण एका सरळ रेषेत झालं नाही. सुरुवातीला ग्रंथाचं इंग्रजी नाव 'बुद्ध अँड हिज गॉस्पेल' असं होतं आणि थोड्या प्रती खाजगी वाटपासाठी छापून जाणकारांकडे पाठवल्या होत्या. नंतर 'गॉस्पेल' हा शब्द गेला आणि 'धम्म' आला. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. परक्या धर्माचा उसना शब्द टाकून बुद्धाचा स्वतःचा शब्द घेतला. १९५४ साली ते दोनदा ब्रह्मदेशाला जाऊन आले, त्याच वर्षी २५ डिसेंबरला देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. आणि १९५६ च्या फेब्रुवारीत, सगळं संपत आलं असताना, ईश्वर नाही आणि आत्मा नाही या विषयांवरची प्रकरणं नव्याने घातली. थकलेला माणूस आहे ते छापायला देऊन मोकळा होतो.

मजकूर टंकलिखित करण्याचं काम नानकचंद रत्तू यांचं. रत्तू पंजाबातल्या होशियारपूरकडचे, दिल्लीत सरकारी नोकरीत. कचेरी सुटली की सायकल काढून बाबासाहेबांकडे यायचे आणि रात्री उशिरापर्यंत मशीनवर बसायचे. पगार नाही, मानधन नाही. आपण जयंतीला मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या तसबिरींना हार घालतो. आपला धम्मग्रंथ ज्याच्या बोटांनी कागदावर उतरला त्याचं नाव मात्र पोरांना सांगत नाही, हे मला खटकतं.

आता ग्रंथाच्या आत काय आहे ते थोडं पाहू. आठ खंड, त्यांचे भाग, आणि प्रत्येक विधानाला क्रमांक. एकेक वाक्य सुटं, विहारात उभं राहून वाचावं असं. पण आरंभी बाबासाहेबांनी जो परिचय लिहिला त्यात चार प्रश्न उभे केले आहेत. सिद्धार्थाने घर का सोडलं? चार आर्यसत्ये मूळ उपदेशातली आहेत का? आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसा? भिक्खू कशासाठी, स्वतःच्या मुक्तीसाठी की लोकांच्या सेवेसाठी? धर्मग्रंथाच्या पहिल्या पानावर शंका मांडणारा ग्रंथकर्ता मी तरी दुसरा पाहिला नाही. याला श्रद्धा म्हणायचं का? मी म्हणतो. कालाम लोकांना बुद्धांनी जी सवय लावली ती हीच.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तर सगळ्यांनी वाचण्यासारखं आहे. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला ही कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली. बाबासाहेबांना ती पटली नाही. एकोणतीस वर्षांच्या तरुणाने तोवर म्हातारा माणूस पाहिलाच नव्हता? त्याऐवजी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेला तंटा पुढे ठेवला. मराठी वाचकांना यातलं काही धर्मानंद कोसंबींच्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथात भेटलेलं असेल, पण बाबासाहेबांनी त्याची पूर्ण सभाच उभी केली. सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ विरोध करतो, दोन्ही बाजूंचे पंच नेमा म्हणतो. ठराव मताला टाकला जातो आणि सिद्धार्थ हरतो. मग सैन्यात ये, नाहीतर फाशी किंवा देशत्याग, नाहीतर घरच्यांवर बहिष्कार आणि जमीन जप्त. घरच्यांना त्रास नको म्हणून तो परिव्रज्या पत्करतो. युनियनच्या सभेत बहुमतापुढे एकटा उभा राहिलेला माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला हे प्रकरण समजावून सांगावं लागत नाही. आणि ज्याने हे लिहिलं त्याने बहिष्कार आणि पाण्याचा तंटा पुस्तकातून शिकलेला नव्हता. महाडचं तळं त्याच्या पाठीशी होतं.

मार्च १९५६ मध्ये प्रस्तावना लिहून झाली. त्यात त्यांनी आपल्याकडे फार मोठेपणा घेतलेला नाही. विषयांची मांडणी तेवढी आपली, घटना सांगताना अश्वघोषाच्या 'बुद्धचरिता'चा आधार घेतला, असं मोकळेपणाने सांगितलं आहे. आजारात आपण विझत चाललो होतो आणि पत्नी सविताबाई व डॉ. मालवणकर यांच्या उपचारांमुळे काम पुरं करू शकलो, अशी कृतज्ञताही आहे. प्रुफं तपासण्यात लक्ष घालणाऱ्या म. भि. चिटणीसांचे आभार आहेत. ही प्रस्तावना १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही. त्यामागच्या वादात मी शिरत नाही. पुढे कितीतरी वर्षांनी भगवान दास यांनी ती उजेडात आणली. आपल्या विहारातल्या प्रतीत ती आहे की नाही, हे प्रत्येकाने एकदा उघडून पाहावं.

ग्रंथ लिहून झाला तरी छापायचा कसा? खर्च सुमारे वीस हजार रुपये. टाटांच्या विश्वस्त निधीकडे मदतीसाठी पत्र लिहिलं. १४ सप्टेंबर १९५६ ला, म्हणजे दीक्षेच्या बरोबर एक महिना आधी, पंतप्रधान नेहरूंना लिहिलं की हा खर्च माझ्या शक्तीबाहेर आहे, बुद्धांच्या अडीच हजाराव्या जयंतीनिमित्त सरकारने पाचशे प्रती घ्याव्यात, ग्रंथालयांना आणि परदेशी विद्वानांना द्याव्यात. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. सरकारला प्रती घेणं कठीण आहे, पत्र समितीचे अध्यक्ष डॉ. राधाकृष्णन यांच्याकडे पाठवतो. तिकडूनही काही झालं नाही. देशभर बुद्धजयंतीचा थाट चालला होता आणि घटनेच्या शिल्पकाराला बुद्धावरच्या ग्रंथासाठी वीस हजाराची भ्रांत होती. यावर मी जास्त लिहीत नाही.

१४ ऑक्टोबरला नागपूरला महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि स्वतः लाखोंना बावीस प्रतिज्ञांसह दिली. नोव्हेंबरात काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि मार्क्स यांवर भाषण केलं. ५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीच्या घरी त्यांनी रत्तूंना 'बुद्धं सरणं गच्छामि'ची तबकडी लावायला सांगितली. नंतर ग्रंथाची प्रस्तावना व परिचय, आणि एस. एम. जोशी व आचार्य अत्रे यांना लिहिलेली पत्रं उशाशी मागून घेतली. रात्री त्यावर नजर फिरवायची होती. सकाळी उठले नाहीत. छापून बांधलेला ग्रंथ त्यांच्या हातात कधी आला नाही.

ग्रंथ १९५७ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालयाच्या प्रकाशनाने काढला. दोन वर्षांनी महाबोधी मासिकातच त्यावर कडक टीका आली. हा बुद्धाचा नव्हे, आंबेडकरांचा धम्म आहे, असा तिचा रोख होता. तिला भदंत आनंद कौसल्यायन यांनी कामानेच उत्तर दिलं. त्यांनी ग्रंथाचं हिंदी भाषांतर केलं आणि कोणतं वचन पाली वाङ्मयात कुठे आहे ते शोधून शोधून नोंदवलं.

मराठी भाषांतर यायला १९७० साल उजाडलं. घनश्याम तळवटकर, म. भि. चिटणीस आणि शां. शं. रेगे यांनी ते केलं. म्हणजे पहिल्या आवृत्तीनंतर तेरा वर्षांनी. तोवर चाळीत एखादा इंग्रजी शिकलेला मुलगा इंग्रजी प्रत मांडीवर घेऊन बसायचा आणि एकेक क्रमांक वाचून जमेल तसा अर्थ सांगायचा, असं आमचे वडीलधारे सांगत. शब्द अडला की थांबायचा, शेजारच्या चाळीतून डिक्शनरी मागवली जायची, आणि ती येईपर्यंत बायामाणसं उठत नसत.