बाळंतिणीचे पहिले पाऊल

आमच्या धर्मशास्त्राने मनुष्याच्या आयुष्यातील बहुतेक सर्व प्रसंगांस संस्काराचे रूप दिले आहे. त्यांत निष्क्रमण नावाचा एक संस्कार आहे. चौथ्या महिन्यात बालकास घराबाहेर न्यावे, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. ते प्रथम सूर्य पाहते आणि जगाशी त्याची ओळख होते. परंतु ज्या मातेच्या कडेवर बसून हे बालक बाहेर पडते, ती त्या अंधाऱ्या खोलीतून केव्हा आणि कशी बाहेर पडली, याविषयी संस्कारांची यादी काही बोलत नाही. शास्त्राने सोडून दिलेली ही जागा बायकांनी आपल्या रीतीने भरून काढली. ती रीत कर्जत-खालापूरच्या डोंगराळ मुलखात काय रूप पावली आणि पुढे काळाने तिला कोठे कोठे नेले, हे पाहण्याचा आमचा विचार आहे.

बाळंतिणीची खोली ही केवळ अडाणीपणाची निशाणी नव्हे, हे प्रथमच सांगितले पाहिजे. सुश्रुतसंहितेत प्रसूतेने दीड महिना पथ्याने राहावे असे आहे, आणि घराघरांतला सव्वा महिना त्याचाच धाकटा भाऊ म्हणावयास हरकत नाही. शेक-शेगडी, वेखंडाची धुरी, डिंकाचे नि अळिवाचे लाडू, अंगाला तेल लावणारी म्हातारी, आणि चुलीपासून व जात्यापासून सुटका! ज्या स्त्रीस एरवी पहाटेपासून रात्रीपर्यंत पाठ टेकावयास मिळत नसे, तिच्या वाट्यास आलेली ही एकुलती एक रजा होती. तथापि त्याच खोलीत वारा नव्हता, उजेड नव्हता आणि वैद्यही नव्हता. कर्जतहून रेल्वेने थोड्याच अंतरावर असलेल्या कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी प्रसूत झाल्या व त्यांचे मूल दहा दिवसांत गेले. वैद्यकीय साहाय्याच्या अभावाचे हे दुःख मनात घेऊन त्या १८८३ साली अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. खोलीच्या गुणांची स्तुती करणाराने हे दहा दिवस विसरू नयेत.

असो. सव्वा महिना पुरा झाला की विहीर पूजावयाची. आमच्या मते नव्या आईची पहिली सहल ती हीच. न्हाऊन-माखून, नवे लुगडे नेसून ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकते. बरोबर सुवासिनी, पुढेमागे आळीतली पोरे. विहिरीवर हळदकुंकू वाहावयाचे, पाण्याची ओटी भरावयाची, गूळखोबरे वाटावयाचे आणि भरली कळशी घेऊन घरी यावयाचे. पाहणारास वाटेल, यात करमणूक ती कोणती? परंतु चाळीस दिवस आढ्याकडे पाहत पडलेल्या वीस वर्षांच्या मुलीस विचारावे! पाणवठा ही बायकांची कचेरी, वर्तमानपत्र आणि क्लब, सर्व काही होते. तेथे तिचे कौतुक होई, थट्टा होई, मूल कोणावर गेले याचा निकाल लागे, आणि गावात आपल्यावाचून काय काय घडले ते तिला कळे. विधी पाण्याचा, पण पूजा माणसांत परत येण्याची. आता घरोघर नळ आले. हळदकुंकू नळाला लावले की विधी उरकतो. विधी राहिला आणि वाट गेली.

विहिरीनंतर देव. खालापूर तालुक्यात महड येथे वरदविनायकाचे स्थान आहे. मूर्ती तळ्यात सापडली व १७२५ साली रामजी महादेव बिवलकर यांनी देऊळ बांधिले, अशी परंपरा आहे. माघातील उत्सवात येथील नारळाचा प्रसाद घेतल्यास संतती होते, अशी भाविकांची समजूत. म्हणून नवस करावयास जी एकटी येई, ती पुढे फेडावयास मूल घेऊन येई. नवस हे सासूचीही परवानगी मिळविणारे साधन होते, हे चतुर वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. देवाच्या नावावर बाहेर पडलेल्या बाईस तळ्याकाठी बसून वारा खाण्यास कोण हरकत घेणार? खोपोलीस नाना फडणविसांनी बांधविलेले तळे व महादेवाचे देऊळ आहे; घाटाच्या पायथ्याशी वाटसरूंचा तळ पडावा म्हणून ती सोय उपयोगी, पण दमलेल्या आयांनी त्या पायऱ्यांवर मुले पाजली असतील, हेही तर्काने सहज दिसते.

घाटाचा उल्लेख आला तो बरे झाले. पहिले बाळंतपण माहेरी, आणि तीन-चार महिन्यांनी पाळणा व बाळंतविडा घेऊन सासरी पाठवणी, ही आमची रूढी. माहेर कोकणात आणि सासर देशावर असेल तर मध्ये बोरघाट उभा. गाड्यांचा रस्ता १८३० साली खुला झाला. तोपर्यंत आणि त्यानंतरही पुष्कळ दिवस मेणा, डोली नाही तर बैल. पुढे १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली; १८५८ साली खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतही धावू लागली; पण मधला घाट १८६३ पर्यंत तसाच राहिला. त्या पाच वर्षांत खोपोलीस गाडीतून उतरावे, डोलीत बसून घाट चढावा आणि वर पुन्हा गाडीत बसावे, असा क्रम होता. तान्हे मूल घेऊन हा प्रवास करणाऱ्या मुलीस तो सुखाचा वाटला असेल असे आम्ही म्हणत नाही. परंतु कुंची बांधलेले मूल मांडीवर घेऊन तिने डोलीच्या पडद्याच्या फटीतून खालचे सारे कोकण एकदा पाहिले असेल. घाटातला लोहमार्ग पुरा झाल्यावर मुख्य रस्ता कर्जतवरून वर गेला आणि खोपोलीचा फाटा बाजूस राहिला. तो आजही चालू आहे.

कर्जत तालुक्यात माथेरान. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी हा डोंगर हवेसाठी नावारूपास आणिला. प्रथम तेथे साहेबलोकांच्या मडमा व मुंबईचे धनिक गेले. नेरळहून छोटी गाडी १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने सुरू केल्यानंतर मध्यम स्थितीच्या कुटुंबांसही वाट सोपी झाली. मूल पाळण्यातून दुपट्यात आणि दुपट्यातून आगगाडीच्या खिडकीत, अशी ही प्रगती! खासगी मोटारी आजही दस्तुरीच्या नाक्यापाशी थांबतात, त्यामुळे पुढे लाल मातीच्या वाटेवर आईस मूल घेऊन निश्चिंतपणे हिंडता येते. हवा पालटणे हा शब्द आमच्या घरांत शिरला तो अशाच ठिकाणांमुळे, आणि बाळंतिणीच्या बाहेर पडण्यास देवाखेरीज दुसरे सबळ कारण प्रथमच मिळाले.

येथवर ज्यांची गोष्ट सांगितली त्या बायकांना खोली होती, म्हणून तिच्यातून बाहेर पडण्याचा आनंद होता. माथेरानच्याच पायथ्याच्या वाड्यांत ठाकूर व कातकरी राहतात. तेथील बाईस सव्वा महिन्याची खोली क्वचितच लाभते. मोळी आणावयाची, भात लावावयाचे. मूल जुन्या लुगड्याच्या झोळीत घालून झाडाच्या फांदीस टांगावयाचे, की झाले. तिचे निष्क्रमण चौथ्या महिन्याची वाट पाहत नाही. तिच्या मोकळेपणाची वर्णने सुशिक्षितांच्या लेखांत आढळतात. आम्हांस ती बरी वाटत नाहीत. जिला घरी राहण्याची सोय नाही, तिचे बाहेर असणे ही सहल नव्हे.

ही विश्रांती कायद्याने मिळावी, अशी खटपट करणारा एक पुरुष याच जिल्ह्याचा. नारायण मल्हार जोशी यांचा जन्म १८७९ साली गोरेगावी, त्या वेळच्या कुलाब्यात झाला. त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात कामकरी स्त्रियांच्या प्रसूतिकालासाठी विधेयक आणिले. ते संमत झाले नाही. मुंबई कायदेमंडळात अशाच विधेयकास १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला, आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात हिंदुस्थानातील असा पहिला कायदा झाला. पुढे १९६१ साली सबंध देशाचा कायदा आला, आणि २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी मुदत २६ आठवडे झाली. सव्वा महिन्यापेक्षा ती किती तरी मोठी! परंतु हे सर्व कारखाना, कचेरी, नोंद असलेली नोकरी यांच्यासाठी.

दिवाळीनंतर भात झोडून झाले की या वाड्यांतील कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर बाहेरगावी जातात. गावच्या अंगणवाडीच्या वहीत नाव राहते आणि नावाची धनीण भट्टीवर असते. रचलेल्या कच्च्या विटांच्या सावलीत झोळी बांधलेली, आणि हाताला चिखल लागलेला म्हणून कोपराने झोका द्यावयाचा. मृगाच्या सुमारास ही मंडळी परत येतात तेव्हा वाडीची घरे उघडली जातात, आणि झोळीतले मूल अंगणात रांगू लागते.