काओरचा वालांत्रे पूल

दक्षिण फ्रान्समधील काओर नगरीस लोत नदीने तीन अंगांनी वेढिले आहे. तेथील वालांत्रे पुलाचा पहिला दगड १३०८ मध्ये बसविण्यात आला; काम पुरे होण्यास १३७८ साल उजाडले. सहा टोकदार कमानी, आणि वर तीन चौकोनी बुरूज. हा पूल म्हणजे नदीत उभा केलेला किल्लाच होय. मध्ययुगीन तटबंदीचे पूल युरोपात इतके शाबूत फार थोडे उरले आहेत.

सत्तर वर्षांच्या दिरंगाईने एका आख्यायिकेस जन्म दिला. काम रेंगाळल्यामुळे हताश झालेल्या मुख्य गवंड्याने म्हणे सैतानाशी करार केला : सैतानाने प्रत्येक हुकूम पाळावा आणि मोबदल्यात गवंड्याचा आत्मा न्यावा. सैतान इमानाने राबला. (करारात बांधला गेल्यावर त्याला तरी दुसरी गती कोणती?) काम संपत येताच गवंड्याने हुकूम सोडला, ‘कामकऱ्यांसाठी चाळणीतून पाणी आण!’ करार बुडाला. कथा रंजक खरी. पण तीत फसविला गेला तो राबणाराच. सूड म्हणून सैतान रोज रात्री मधल्या बुरुजाचा एक दगड काढून नेऊ लागला. १८७९ च्या डागडुजीत त्या जागी, दगड उपटू पाहणाऱ्या सैतानाची लहानशी आकृती कोरलेला दगड बसविण्यात आला. तो आजही तेथे आहे.