दोष कोणाचा? कोकणातल्या पुरुष-वंध्यत्वाचा इतिहास वाचताना

पुरुषांचं प्रजननस्वास्थ्य असा विषय संशोधनाला घेतला की पहिली अडचण साधनांची येते. बायकांच्या बाबतीत साधनं भरपूर आहेत: नवस, व्रतं, ओव्या, सुईणींच्या आठवणी. मालवण तालुक्यात आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला एकदा गेलात तरी मुलासाठी बोललेले नवस फेडायला आलेली कितीतरी माणसं भेटतील. पुरुषाच्या बाजूला मात्र सामसूम. ‘तिका पोर होना नाय’ हे वाक्य सहज कानावर पडतं. त्यात ‘तेका’ म्हटलेलं क्वचितच.

मग हा इतिहास लिहायचा कशावरून? चार प्रकारची साधनं घेऊन बघू. प्रत्येकाला वेगळा प्रश्न विचारावा लागतो.

१. ग्रंथ: दोष पुरुषात असतो, हे जुनंच ज्ञान

‘पुरुषातही दोष असू शकतो हे आधुनिक विज्ञानाने सांगितलं’ असं विधान प्रबंधात करू नका. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात क्लैब्याचे चार प्रकार दिलेत: बीजोपघात, ध्वजभंग, जरा आणि शुक्रक्षय. म्हणजे बीजातला दोष, लिंगाच्या ताठरतेतला दोष, वय आणि शुक्र कमी होणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत, हे वैद्याला माहीत होतं. त्याच चिकित्सास्थानाचा दुसरा अध्याय वाजीकरणाचा. त्यात उडीद, दूध, तूप आहे. आपल्याकडे पावसाळ्यानंतर कुंपणांवर चढलेली दिसते ती खाजकुइली (आत्मगुप्ता) आहे. पण चिमणी, कोंबडा, मोर आणि मगर यांचीही नावं येतात. आज बाटलीवर ‘नैसर्गिक’ छापून विकलं जातं ते या यादीतून निवडून घेतलेलं असतं. ही निवड कोणी, केव्हा केली, हा इतिहासकाराचा प्रश्न.

शेजारच्या गोव्याचंही एक साधन आहे. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधींवरचा संवादग्रंथ गोव्यात 1563 साली छापला गेला. लोक कामशक्तीसाठी अफू खातात, प्रत्यक्षात ती माणसाला नपुंसक करते, असं तो नोंदवतो. अफूसारख्या पदार्थांनी टेस्टोस्टेरॉन कमी होतं, हे आज मोजून कळलंय. ‘झाडापासून आलेलं म्हणजे निरुपद्रवी’ ही समजूत चारशे वर्षांपूर्वीच्या कोकणपट्टीतही तपासली जात होती, एवढं यातून नक्की म्हणता येतं.

२. मासिक: समाजस्वास्थ्य

दुसरं साधन र. धों. कर्वे यांचं. जन्म 1882, दापोलीजवळच्या मुरूडचा. तेव्हा मालवणही रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. सिंधुदुर्ग वेगळा झाला 1 मे 1981 रोजी. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि जुलै 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ काढलं. 1953 मध्ये वारले तोवर ते चालवलं.

संशोधकाने या मासिकातली वाचकांची प्रश्नोत्तरं मुद्दाम वाचावीत. पुरुष आपल्या शरीराविषयीची भीती स्वतः लिहून विचारतात, असं मराठीतलं हे दुर्मिळ ठिकाण. हस्तमैथुनाने शक्ती जाते का, हा त्या काळचा मोठा धसका होता. वीर्य म्हणजे शरीराचं सत्त्व, ते गेलं की माणूस संपला, असं ब्रह्मचर्याचे पुरस्कर्ते सांगत. कर्वे ते खोडत. या धसक्याला पुढे 1960 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ एन. एन. विग यांनी ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं.

अशा उत्तरांचीही किंमत मोजावी लागली. 1934 मध्ये हस्तमैथुन आणि समलैंगिकता या विषयांवरच्या उत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरला, 200 रुपये दंड झाला. पुरुषांबद्दलची साधनं इतकी थोडी का, याचं एक कारण इथे सापडतं: शरीरशास्त्राचं साधं उत्तर छापणं हाच गुन्हा ठरत होता.

३. प्रयोगशाळा: लोणावळा

त्याच दशकात दुसरी वाट निघाली. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं. त्याच सुमारास उड्डियान आणि नौली करताना पोटात काय होतं, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहिलं. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांना दिसलं. आपल्या गुरूंच्या नावावरून त्याला ‘माधवदास व्हॅक्यूम’ म्हटलं.

ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याच्या क्रिया, म्हणजे मूलबंध आणि अश्विनी मुद्रा, हठयोगात आधीपासून होत्या. अमेरिकेत डॉ. आर्नल्ड केगल यांनी 1948 मध्ये तशाच व्यायामाबद्दल लिहिलं, ते बाळंतपणानंतरच्या बायकांसाठी. आज प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर लघवीवर ताबा यावा म्हणून पुरुषांनाही हे व्यायाम देतात. पण त्यातून शुक्रजंतू वाढतात, असं सिद्ध होत नाही. दोन दावे एकमेकांत मिसळू देऊ नका.

४. जनगणना: नवरा घरी होता का?

हे साधन सगळ्यात कोरडं, आणि कोकणासाठी सगळ्यात बोलकं. 2011 च्या जनगणनेत सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे 1036 स्त्रिया आहेत. कारण जुनंच: पुरुष मुंबईला. गिरणीतला चाकरमानी गिरगाव-लालबागच्या खोलीत दहा-पंधरा जणांत राहायचा, गणपतीला आणि शिमग्याला गावी यायचा. बायको गावी शेती आणि सासू-सासरे सांभाळायची. वर्षातून मोजके दिवस एकत्र असलेल्या जोडप्याला मूल झालं नाही, तर त्याला वंध्यत्व म्हणायचं का? आजची वैद्यकीय व्याख्यासुद्धा बारा महिन्यांच्या नियमित, साधन न वापरता ठेवलेल्या संबंधांनंतरच लागू होते. पण ‘वांझ’ हा शिक्का मारताना हे महिने कोणी मोजले नाहीत. मनीऑर्डर करणाऱ्याला दोष द्यायचा तरी कसा! मग तो घरात बसलेलीवर यायचा, आणि कधी त्यातूनच सवतही.

मग आजचे ‘नैसर्गिक उपाय’?

इथे थोडं विज्ञान लागतं. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात, त्यामुळे कुठल्याही उपायाचा परिणाम पाहायला तीन महिने तरी हवेत. शिवाय एकाच पुरुषाच्या दोन तपासण्यांत संख्या बरीच वरखाली होते. कमी आलेली संख्या पुढच्या वेळी आपोआप वाढलेली दिसू शकते. म्हणून तुलनेचा गट नसेल तर ‘काढ्याने गुण आला’ हे वाक्य काहीच सांगत नाही. अश्वगंधेवरच्या 2013 च्या एका प्राथमिक अभ्यासात संख्या वाढली खरी, पण पुरुष होते 46. उलट 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 2370 जोडप्यांच्या अमेरिकन चाचणीत झिंक आणि फॉलिक ॲसिड घेणाऱ्यांच्या घरी 34 टक्के, न घेणाऱ्यांच्या घरी 35 टक्के बाळं जन्मली. तंबाखू-सिगारेट सोडणं, वजन आटोक्यात ठेवणं, वृषणांना सतत उष्णता न देणं हे सल्ले दिले जातात आणि ते शहाणपणाचे आहेत. पण बाटलीत भरून विकता येत नाहीत.

तुमच्यापैकी कोणी या विषयावर काम करणार असेल, तर सुरुवात छोट्या गोष्टीने करा. एक गाव घ्या आणि मुलाखतीच्या प्रश्नावलीत ‘मूल का झालं नाही?’च्या आधी दोन प्रश्न घाला: लग्नानंतर पहिल्या पाच वर्षांत दोघे मिळून किती महिने एका घरात होतात? आणि तपासणी आधी कोणाची झाली? दुसऱ्याचं उत्तर बहुधा बाईकडूनच ऐकायला मिळेल. वीर्यतपासणी सगळ्यात स्वस्त आणि सोपी असूनही ती शेवटी का होते, याचा इतिहास अजून मराठीत लिहायचा आहे.