निरखणे, पारखणे, न्याहाळणे

पर्यायकोशात 'बारकाईने पाहणे' या अर्थाचे शब्द एका ओळीत उभे केलेले असतात: निरखणे, न्याहाळणे, पारखणे, तपासणे, छाननी, झडती, परीक्षण, चिकित्सा. एकाच्या जागी दुसरा चालेल, असे ती ओळ सुचवते. पण प्रत्यक्षात तसे होत नाही. झोपलेल्या बाळाचा चेहरा आई न्याहाळते. तो ती पारखत नाही. बाजारात शेतकरी दात आणि खूर पाहून बैल पारखतो. त्याला नुसते निरखून भागत नाही.

यांतले सर्वांत मोठे घराणे 'ईक्ष्' या संस्कृत धातूचे. ईक्ष् म्हणजे पाहणे. त्याला 'निर्' लागून निरीक्षण झाले, 'परि' लागून परीक्षण, 'सम्' लागून समीक्षण. अपेक्षा, उपेक्षा, प्रतीक्षा हीही याच कुळातली. त्यामुळे यांच्या लेखनाचा प्रश्नही सुटतो. परि आणि ईक्षण यांचा संधी होऊन 'री' दीर्घच होते. 'परिक्षण' किंवा 'समिक्षा' लिहिले की मूळ धातूच मोडतो.

हेच शब्द प्राकृतातूनही आपल्याकडे आले. निरीक्ष् चे 'णिरिक्ख' झाले आणि त्यातून निरखणे. परीक्ष् चे 'परिक्ख' होऊन पारखणे. म्हणजे निरीक्षण आणि निरखणे ही एकाच मुळाची दोन रूपे आहेत. एकाने कचेरीची वाट धरली, दुसरे घरात राहिले. पोलीस ठाण्यात निरीक्षक असतो, पण साडीचे काठ आपण निरखतो. 'परि' म्हणजे सर्व बाजूंनी. म्हणून पारखण्यात मोलाचा निवाडा येतो, तसा तो निरखण्यात येत नाही.

न्याहाळणे या घराण्यातले नाही. ते संस्कृत 'निभालयति' पासून प्राकृत 'णिहाले' मार्गे आले. हिंदीतले निहारना आणि गुजरातीतले निहाळवुं ही त्याची भावंडे. पाहण्यात रमून जाणे हा त्याचा स्वभाव. म्हणून आरशात रूप न्याहाळतात, जमाखर्च कोणी न्याहाळत नाही.

'बारकाई' मात्र फारसीतून आली. फारसी 'बारीक' म्हणजे पातळ, सूक्ष्म. त्याला आपला 'आई' प्रत्यय जोडून मराठीने भाववाचक नाम घडवले आणि ते इतके मुरले की त्यात परके काही उरले नाही.

काही शब्द डोळ्यांपेक्षा हातांचे आहेत, आणि मला ते विशेष मोलाचे वाटतात. झडती आणि झाडाझडती यांत 'झाडणे' आहे: अंगावरचे कपडे, सामान झाडून आत काही दडवले आहे का ते पाहणे. छाननी हिंदीतल्या 'छानना'च्या, म्हणजे गाळण्या-चाळण्याच्या, कुळातली. निवडणुकीत उमेदवारी अर्जांची छाननी होते तेव्हा नेमके हेच घडते. काही अर्ज वर राहतात, काही गळतात. कसोटी तर सोनाराच्या दुकानातली. संस्कृत 'कषपट्टिका', म्हणजे घासण्याची पाटी, प्राकृतातून घरंगळत कसोटी झाली. काळ्या दगडावर सोने घासायचे आणि उमटलेल्या रेघेवरून त्याचा कस ठरवायचा. आज क्रिकेटच्या पाच दिवसांच्या सामन्यालाही आपण कसोटी म्हणतो.

व्यवहाराच्या भाषेने हे भेद काटेकोर जपले आहेत. पोलीस गुन्ह्याचा तपास करतात, घराची झडती घेतात. न्यायालयात साक्षीदाराची आधी सरतपासणी होते, मग उलटतपासणी, गरज पडली तर फेरतपासणी. तलाठ्याच्या दप्तरात पिकाची पाहणी असते, जातीच्या दाखल्याची पडताळणी होते. पुस्तकाचे परीक्षण वृत्तपत्रात येते, समीक्षा मात्र त्याहून दीर्घ आणि सखोल असावी अशी अपेक्षा असते. 'टीका'चा प्रवास यात दुःखद म्हणावा लागेल. टीका म्हणजे मुळात ग्रंथाचा अर्थ उलगडणारे भाष्य. भावार्थदीपिका ही गीतेवरची टीकाच आहे. आज मात्र टीका म्हटले की दोष काढणे एवढेच डोळ्यांसमोर येते.

चिकित्सेवरही असाच अन्याय होतो आहे. हिंदीत चिकित्सक म्हणजे वैद्य. मराठीत मात्र आपण हा शब्द प्रश्न विचारणाऱ्या, खोलात शिरणाऱ्या माणसालाही लावतो. घडणीने तो जिज्ञासा आणि मीमांसा यांच्या पंगतीला बसतो. तिन्हींत धातूची द्विरुक्ती होऊन 'सन्' प्रत्यय लागला आहे. हा प्रत्यय सहसा इच्छा दाखवतो: जिज्ञासा म्हणजे जाणण्याची इच्छा. पाणिनीने मात्र चिकित्सा आणि मीमांसा यांची सोय अष्टाध्यायीतल्या 3.1.5 आणि 3.1.6 या सूत्रांत वेगळी लावली. इच्छेचा अर्थ सांगणारे सूत्र त्यानंतर येते. या दोन शब्दांत नुसती इच्छा नाही, प्रत्यक्ष कृती आहे. रोगावर इलाज करणे ही चिकित्सा, आणि विचार तपासून पाहणे हीही चिकित्साच.

'फार चिकित्सक आहे बुवा' असे आपण नाक मुरडून म्हणतो, तेव्हा एका मोठ्या गुणाला दूषण देत असतो. महाराष्ट्राला चिकित्सा करणाऱ्यांचीच गरज आहे. सरकारी अहवालापासून शाळेच्या निबंधापर्यंत सगळीकडे एकटी 'तपासणी' राबवली जाते, तिलाही थोडी विश्रांती मिळायला हवी. पारखायचे तिथे पारखावे, पडताळायचे तिथे पडताळावे आणि ज्याची चिकित्सा करायला हवी, त्याची चिकित्साच करावी. योग्य शब्द निवडताना आपण नेमके काय करणार आहोत, हे आपल्यालाही स्पष्ट होते.